राबाई कोणी वसवले?

केनियात मोंबासाजवळच्या टेकड्यांवरील राबाई हे गाव जर्मन मिशनरी क्राफ आणि रेबमान यांनी 1846 मध्ये वसवले, असे आजही बिनदिक्कत लिहिले जाते. त्या वर्षी त्यांनी तेथे मिशन उभारले, एवढेच त्यात खरे आहे. मिजिकेंदा या केनियाच्या किनारपट्टीवरील जमातींच्या समूहापैकी राबाई लोक तेथे आधीपासूनच राहत होते, आणि दाट रानात राखलेल्या त्यांच्या जुन्या तटबंद वस्त्यांचा, म्हणजे ‘कायां’चा, समावेश 2008 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

तेथील ख्रिस्ती वस्ती गोऱ्या पाद्र्यांच्या प्रवचनांनी वाढली, हाही समज तपासून पाहावा लागेल. क्राफ 1853 मध्ये परतला. रेबमान 1875 पर्यंत चिकाटीने राहिला, तरी त्याच्या हाती अनुयायी मोजकेच लागले. वस्तीला खरे बळ आले ते, आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते, नाशिकहून. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवून मुंबईत उतरवलेल्या आफ्रिकी मुलांपैकी काही शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. तेथे अक्षरांबरोबर हातालाही काम शिकवले जाई. (नाशिककरांचा शरणपूर रोड तो हाच.) लोहारकाम शिकलेला विल्यम जोन्स त्यांतलाच. 1864 पासून तो आणि त्याचे सोबती राबाईत शिकवू लागले. पुढे मालकांकडून पळालेल्या गुलामांनी याच वस्तीत आसरा घेतला, आणि 1880 च्या दशकात त्यांची संख्या इतकी वाढली की, किनाऱ्यावरील अरब व स्वाहिली मालकांशी तंटा उभा राहिला आणि अखेर मोबदला देऊन शेकडोंची सुटका करावी लागली.