शततमक (संगणकीय संकलनातील)

चढत्या क्रमाने लावलेल्या निरीक्षणांपैकी शेकडा ९० निरीक्षणे ज्या मूल्याच्या आत बसतात, ते ९० वे शततमक (पर्सेंटाइल). ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः फ्रान्सिस गॉल्टन यांना (१८८५ च्या सुमारास) दिले जाते. एमएचटी-सीईटीच्या निकालात गुणांवरून स्थान काढतात. येथे गणित उलटे, स्थानावरून मूल्य.

निरीक्षणे थोडी असली की ही व्याख्या अपुरी पडते. कुर्ला स्थानक ते वांद्रे-कुर्ला संकुल अशा दहा बसफेऱ्यांना १८, १९, २१, २२, २४, २५, २७, ३०, ३५ आणि (पाणी तुंबल्याने) ७५ मिनिटे लागली असे समजू. निकटतम क्रमाच्या रीतीने ०.९ × १० = ९, म्हणजे नववे मूल्य: ३५. एक्सेलमधील ‘पर्सेंटाइल.इन्क’ १ + ०.९ × ९ = ९.१ हे स्थान धरून ३५ + ०.१ × ४० = ३९ देते. ‘पर्सेंटाइल.एक्स्क’ ०.९ × ११ = ९.९ धरते व ७१ देते. त्याच्याकडे ९५ वे मागितले, तर स्थान दहाच्या पुढे जाते आणि उत्तराऐवजी त्रुटी येते. संख्याशास्त्रज्ञ हाइंडमन व फॅन यांनी १९९६ मध्ये अशा नऊ रीती नोंदवल्या. त्यांचा कौल आठवीला होता. ‘आर’ ही संख्याशास्त्रीय संगणकभाषा व ‘नमपाय’ हे पायथनमधील गणिती साधन मात्र मुळात सातवी, म्हणजे ‘इन्क’चीच, वापरतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये दोन मूल्यांमधला अंदाज देणारे आणि प्रत्यक्ष नोंदलेलेच मूल्य देणारे अशी वेगवेगळी फलने (फंक्शन) आहेत. प्रवासवेळेसाठी दुसरे अधिक सयुक्तिक. ३९ मिनिटांची फेरी कोणी केलेलीच नाही.

संकलनात, म्हणजे अनेक गटांचे आकडे एकत्र करताना, खरी अडचण वेगळी. बेरीज व संख्या आगारवार काढून जोडता येतात, शततमके जोडता येत नाहीत. एका आगाराच्या १,००० फेऱ्यांचे ९५ वे शततमक ४० मिनिटे व दुसऱ्याच्या १० फेऱ्यांचे ९० मिनिटे असेल, तर सरासरी ६५ येते. एकत्रित मूल्य बहुधा ४० च्या जवळपासच असते. तासांची शततमके सरासरून दिवसाचा आकडा दाखवणाऱ्या संगणकीय फलकांवर (डॅशबोर्ड) हीच चूक सर्रास आढळते.

म्हणून मूळ नोंदी, वर्गवार मोजणी (हिस्टोग्राम: प्रत्येक मूल्यवर्गात किती नोंदी) किंवा ‘टी-डायजेस्ट’सारखा सारांश साठवतात. टी-डायजेस्ट टोकांकडे लहान व मध्याकडे मोठे गट ठेवतो, त्यामुळे ९९ वे शततमक तुलनेने अचूक राहते. प्रोमिथियस या देखरेख-प्रणालीतील पारंपरिक वर्गवार मोजणीत वर्गाच्या आत मूल्ये समान पसरली आहेत असे गृहीत धरतात. शततमक शेवटच्या अमर्याद वर्गात पडले, तर त्याआधीच्या वर्गाची वरची सीमा परत मिळते. वरची मर्यादा ६० मिनिटांवर थांबवली असेल, तर तुंबलेल्या पाण्यातली ७५ मिनिटांची फेरीही ६० चीच दिसते.