सॉइल हेल्थ कार्ड दाखवून जागा स्वच्छ ठरत नाही

कीटकनाशकाच्या पावडरी मिसळायची जुनी शेड किंवा बंद पडलेलं कीटकनाशकांचं गोडाऊन विकायला निघालं, की फाइलमधून एक कागद हमखास बाहेर येतो. माती परीक्षण अहवाल, म्हणजेच सॉइल हेल्थ कार्ड. सामू 7.8, सेंद्रिय कर्ब मध्यम, जस्त कमी. घेणारा मान डोलावतो, मुरूम टाकून प्लॉट पडतात. त्या अहवालाने उसाला झिंक सल्फेट किती घालायचं एवढंच कळतं. बीएचसीसारखं जुनं कीटकनाशक मातीत आहे की नाही हे त्याने पाहिलेलंच नसतं. कार्डावर बाराच गोष्टी असतात आणि त्यात एकही कीटकनाशक नाही.

माती परीक्षण कसं करतात हे मिरज-तासगावच्या द्राक्षवाल्याला किंवा कराडच्या ऊसवाल्याला नव्याने सांगायला नको. नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे वीतभर खड्डे, सगळी माती घमेल्यात एकत्र, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेली अर्धा किलो सावलीत वाळवून कापडी पिशवीत. पद्धत उत्तम आहे. शेतासाठी.

प्रदूषणाच्या तपासणीत घोळ होतो तो याच घमेल्यात. शेताला खताचा डोस एकच द्यायचा असतो, म्हणून सरासरी हवी. कारखान्याच्या आवारात विष सरासरीने सांडत नाही. पिंपं धुवायची मोरी, मिक्सरखालची भेगाळलेली फरशी, गटाराचं तोंड, शोषखड्डा, कालबाह्य माल पुरलेला कोपरा, अशा चार-पाच जागी ते साठतं आणि दहा पावलांवर माती कोरी निघू शकते. समजा दहा ठिकाणची माती घेतली. मोरीजवळच्या मातीत किलोमागे 80 मिलिग्रॅम बीएचसी आहे, बाकी नऊ कोऱ्या. घमेल्यात मिसळलं की उत्तर येतं 8. मर्यादा 10 धरली असेल तर जागा पास! उलट मर्यादा 5 असेल तर अख्खं आवार नापास, आणि खोदायचं कुठे हे कुणालाच सांगता येत नाही. एकदा मिसळलेली माती प्रयोगशाळेत परत वेगळी होत नाही.

म्हणून इथे प्रत्येक ठिकाणाचा आणि प्रत्येक खोलीचा नमुना स्वतंत्र. पैसे वाचवायला ‘दोन-दोन एकत्र करू’ म्हणणारा सल्लागार मला नको. त्यापेक्षा नमुने कमी घ्या, पण जुना नकाशा आणि तिथे राबलेला एखादा कामगार विचारात घेऊन नेमक्या जागी घ्या. मिसळणं चालतं ते खोदून काढलेल्या ढिगाची विल्हेवाट ठरवताना.

खोलीचंही तसंच. वरची वीतभर माती पुरत नाही, आणि मालकाने नंतर मुरूम पसरला असेल तर ती माती त्या जागेची नसतेच. आधी भराव कुठे संपतो ते पाहायचं आणि मूळ मातीपासून खोली मोजायची. आपली काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते. सांडलेली पावडर पहिल्या वळवाबरोबर त्या भेगांतून थेट खाली जाते, त्यामुळे 30 सेंटिमीटरवर कमी आणि मीटरभर खाली जास्त असा उलटा आकडाही येतो. निदान तीन थर घ्यावेत: 0 ते 15, 30 ते 45, 90 ते 105 सेंटिमीटर, शिवाय माती संपून मुरूम लागतो तिथला एक. गिरमिट प्रत्येक वेळी साबणाने घासून स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि स्वच्छ वाटणाऱ्या जागेकडून घाण जागेकडे यायचं.

वाळवणं तर साफ बंद. पातळ औषधांत झायलीनसारखं द्रावक असतं, ते सावलीतही उडून जातं. काचेची बरणी, टेफ्लॉन अस्तराचं झाकण, बर्फाची पेटी.

तांब्याचा गोंधळ वेगळा. कार्डावरचं तांबं डीटीपीए द्रावणात उतरलेलं, म्हणजे पिकाला मिळण्याजोगं. मोरचूद, म्हणजे तांब्याचं बुरशीनाशक, साठवलेल्या जागेवर हवं ते ॲसिडमध्ये विरघळवून मोजलेलं एकूण तांबं. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘वाढलं’ म्हणणारे अहवाल पाहिले की वैताग येतो. त्यात आपली जमीन बेसाल्टची, तिच्यात एकूण तांबं मुळातच किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या घरात असू शकतं. शेजारच्या, कारखान्याशी आणि द्राक्षबागेशी संबंध न आलेल्या त्याच प्रकारच्या मातीचे दोन-तीन नमुने जोडीला नसतील तर एकूण तांब्याच्या आकड्याला अर्थ नाही.

पाण्याचं थोडक्यात. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतो, त्याने कीटकनाशक कळत नाही, विषय संपला. शेतीच्या बोअरचा नमुनाही अपुरा, कारण पाच एचपीची मोटर खडकातल्या सगळ्या भेगांचं पाणी एकत्र ओढते. म्हणजे पुन्हा तेच घमेलं. निरीक्षण विहीर वेगळी घ्यावी लागते: ठरावीक थरातच जाळीचा पाइप, वर बेंटोनाइटचं, म्हणजे फुगणाऱ्या चिकणमातीचं, सील. नमुन्याआधी पाइपातलं साचलेलं पाणी तिप्पट उपसायचं. 100 मिलिमीटर पाइपात 6 मीटर पाणी असेल तर ते साधारण 47 लिटर, म्हणजे 140 लिटर काढून मग बाटली भरायची. प्रवाहाची दिशा काढायला निदान तीन विहिरींची पातळी एकाच दिवशी मोजा. म्हैसाळ किंवा टेंभू उपसा सिंचन योजनेचं आवर्तन सुरू असताना एक विहीर आज आणि दुसरी पुढच्या आठवड्यात मोजली तर बाण भलतीकडेच दिसेल.

प्रयोगशाळेला ‘लिंडेन’ एवढंच लिहून देऊ नका. बीएचसी म्हणजे एकाच रसायनाच्या अल्फा, बीटा अशा रूपांचं मिश्रण; त्या पावडरीत लिंडेन, म्हणजे गॅमा रूप, दहा-पंधरा टक्के. सर्वांत चिवट बीटा. अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा चारही मागा. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस 10500 मध्ये, लिंडेनला लिटरमागे 2 मायक्रोग्रॅम चालतं, पण अल्फाला 0.01 आणि बीटाला 0.04. ज्या प्रयोगशाळेचं यंत्र 0.1 मायक्रोग्रॅमच्या खाली वाचत नाही तिचं ‘आढळले नाही’ अल्फा-बीटासाठी कोरा कागद आहे, तेव्हा दर विचारण्याआधी ही खालची मर्यादा लेखी मागून घ्या.