शनिवारची रात्र, मध्यम लहरी: विदर्भाच्या खेड्यांत शास्त्रीय संगीत कसं पोचलं

विदर्भाच्या खेड्यांत बडा ख्याल, म्हणजे संथ लयीत सावकाश उलगडणारं रागगायन, रेडिओनं आणला. त्याआधी तिथं गाणं नव्हतं असं मुळीच नाही. कीर्तन होतं, भजनी मंडळं होती, दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं होती, तुकडोजी महाराजांची खंजिरी तर घराघरात होती. संगीत नाटकांच्या कंपन्या वऱ्हाडात दौरे करत, तेव्हा आसपासच्या गावांतली हौशी माणसं बंड्या जुंपून नाट्यपदं ऐकायला जात. पण विलंबित एकतालात तास-तासभर उलगडणारा एकच राग ऐकायला मिळणं, ही शहराची नाहीतर एखाद्या धनिकाच्या वाड्याची गोष्ट होती. ती वावरापर्यंत कशी आली, हे समजून घ्यायचं तर सुरुवात जरा लांबून करावी लागेल.

रेडिओ आणि गाणं यांची गाठ पहिल्यापासून पडली ती ऑपेरामुळे, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकामुळे. १९१० च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमधून संशोधक ली द फॉरेस्ट यांनी नामवंत ऑपेरा गायक एनरिको कारुसोचं गाणं बिनतारी यंत्रणेनं बाहेर पाठवलं. ऐकणारे मोजकेच होते आणि ऐकू आलं तेही खरखरत. २७ ऑगस्ट १९२० ला ब्युनोस आयर्समध्ये काही तरुणांनी थिएटरच्या गच्चीवर यंत्र बसवून वॅग्नरचा ‘पार्सिफाल’ हा ऑपेरा प्रसारित केला. तिथले लोक त्यांना आजही ‘गच्चीवरचे वेडे’ म्हणूनच ओळखतात. १९३१ च्या नाताळात मेट्रोपॉलिटननं अख्खा ऑपेरा अमेरिकाभर ऐकवला आणि पुढे शनिवार दुपारचा ऑपेरा ही तिथल्या घरांची रीतच होऊन गेली. तिकीट न परवडणारा, शहरापासून शेकडो मैल लांब राहणारा शेतकरी त्या खेळाचा श्रोता झाला. आपल्याकडेही पुढे हेच घडलं. फरक एवढाच की तिकडे ते नाट्यगृहानं घडवलं आणि इकडे सरकारनं.

मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. चालवणारी खासगी कंपनी तीन वर्षांच्या आत बुडाली, सरकारनं कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. याच काळात मुंबईत एक माणूस आला, ज्याचं नाव विदर्भात फारसं कुणाला ठाऊक नाही, पण ज्याची रचना पिढ्यान् पिढ्या आपल्या कानावर पडत आली आहे. वॉल्टर कॉफमन. बोहेमियात १९०७ साली जन्मलेला हा ज्यू संगीतकार हिटलरच्या राजवटीमुळे १९३४ मध्ये मुंबईत आला आणि पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. पहाटे पहिली सभा सुरू होण्याआधी तंबोऱ्यावर व्हायोलिनची जी संकेतधून वाजते, तिचं श्रेय बहुतेक अभ्यासक कॉफमन यांनाच देतात. तिच्यात शिवरंजनीची छाया आहे. कॉफमन मूळचे ऑपेरा आणि सिंफनी रचणारे. १९३८ मध्ये त्यांनी मुंबई केंद्रासाठी ‘अनसूया’ नावाचा रेडिओ ऑपेराही केला. गोठ्यात धारा काढताना ज्यांनी ती धून ऐकली, त्यांचा दिवस एका ऑपेरा रचणाऱ्याच्या सुरावटीनं उजाडत होता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण हे दोन संगीतविश्व एकमेकांपासून जितके दूर समजले जातात तितके ते रेडिओवर कधीच नव्हते.

त्याच काळातला एक निर्णय मात्र खेड्यांना जाचक ठरला. १ मार्च १९४० पासून रेडिओवर हार्मोनियमला बंदी आली. पेटीचे सूर ठरलेले, त्यांतून श्रुती (सुरांमधले सूक्ष्म भेद) आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, हा आक्षेप होता. दिल्ली केंद्रावरचे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी तो लिहून मांडला होता आणि रवींद्रनाथ ठाकुरांनीही त्याला पाठिंबा दिला होता. संगीतशास्त्राच्या अंगानं आक्षेपात तथ्य आहे. पण विदर्भातलं भजनी मंडळ पेटीवाचून उभंच राहत नाही. गावातला जो माणूस सर्वांत जास्त रियाज करायचा, तो पेटी वाजवणाराच असायचा आणि त्याचं वाद्य रेडिओच्या दारातून परत जात होतं. १९७१ नंतर बंदी टप्प्याटप्प्यानं सैल झाली, तोवर तीस वर्षं उलटली होती.

नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती, म्हणून केंद्राला मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांच्या श्रोत्यांकडे पाहावं लागलं. १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. केंद्र मात्र तेच राहिलं. ‘५१२.८ मीटर म्हणजेच ५८५ किलोहर्ट्झ’ हे शब्द ज्यांनी लहानपणी ऐकले, त्यांना ते अजून पाठ आहेत.

या आकड्यांनीच खेड्यांचं भलं केलं. ते मध्यम लहरींचे होते, आणि मध्यम लहरी जमिनीला धरून पसरतात. वऱ्हाडातली काळी, बरीचशी सपाट जमीन त्यांना मानवते. त्यामुळे दिवसा नागपूर केंद्र दूरदूरच्या गावांत स्पष्ट लागायचं. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या भागातला, या लहरी शोषून घेणारा थर विरतो आणि लांबच्या लहरी आकाशातून परतून खाली येतात. म्हणून रात्री मुंबई, इंदूर, हैदराबाद अशी केंद्रं कमीजास्त आवाजात मिळायची. आलाप मधेच खोल जायचा, परत वर यायचा. पावसाळ्यात विजेची कडकड समेवर आदळायची. तरी लोक ऐकत.

आता १९५२. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत राहिले. या मराठी माणसानं रेडिओवरच्या संगीताला जे वळण दिलं, तेवढं दुसऱ्या कुणी दिलं नसेल. जुलै १९५२ मध्ये संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री देशातली सगळी केंद्रं एकाच कलाकाराचं गायन-वादन ऐकवू लागली. १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलन भरू लागलं. कलाकारांची श्रेणी ठरवणारी ध्वनिचाचणी कडक झाली. श्रीकृष्ण रातंजनकर या चाचणी समितीवर होते आणि अनेक नावाजलेल्या गवयांनी परीक्षेला बसायला नकार देत आंदोलनही केलं.

सिनेसंगीत केसकरांना हलकं वाटे. त्यांनी ते इतकं आवळलं की निर्मात्यांशी बिनसलं आणि काही काळ सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. लोकांनी काय ऐकावं हे वरून ठरवण्याचा हा अट्टहास मला पटत नाही. पण त्याच अट्टहासामुळे भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर, हिराबाई बडोदेकर, बिस्मिल्ला खाँ यांचे सूर अशा गावांत गेले जिथं त्यांचं पाऊल कधी पडलं नसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

गावात ऐकण्याची सोय आधी सार्वजनिक होती. ग्रामपंचायतीचा रेडिओ, चावडीवरचा भोंगा, शेतीविषयक कार्यक्रम आणि बातम्या. घरी रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढून दरवर्षी पैसे भरावे लागत. ही पद्धत १९८० च्या दशकात संपली. खरा बदल घडवला तो ट्रान्झिस्टरनं. वीज नसलेल्या गावातही सेलवर चालणारा, खांद्याला अडकवून वावरात नेता येणारा. ज्वारी हुरड्यावर आली, चणा भरला की रानडुकरांपासून पीक राखायला कास्तकार रात्री जागलीला जातो. माळ्यावरच्या त्या एकट्या माणसाजवळ रात्रभर बोलणारं, गाणारं दुसरं काहीच नसे. शनिवारचा दरबारी, मालकंस किंवा बागेश्री तिथं ऐकला गेला. सगळे आवडीनं ऐकत असं म्हणणार नाही. केंद्र बदलायचा कंटाळा म्हणूनही कित्येकांनी ऐकलं आणि त्यातून काहींचा कान तयार झाला.

इथं एक गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती फारशी बोलली जात नाही. आकाशवाणीचा दिवस सकाळ, दुपार आणि रात्र अशा सभांमध्ये वाटलेला असतो आणि केंद्रं रागांची वेळ कसोशीनं पाळत आली आहेत. शहरातली मैफल बहुधा संध्याकाळी सुरू होते. म्हणून शहरी श्रोत्याला यमन, पूरिया, मालकंस भरपूर मिळतात आणि दुपारचे राग क्वचितच. रेडिओचा श्रोता मात्र भैरव आणि तोडी सकाळीच ऐकायचा, सारंगाचे प्रकार भर दुपारी, भीमपलासी ऊन कलतं झाल्यावर. वृंदावनी सारंग मे महिन्यात, झाडाखाली बसून, बाहेर लाही फुटेल असं ऊन असताना ऐकणं हा अनुभव सभागृहाच्या खुर्चीत मिळत नाही. ठरावीक राग ठरावीक वेळीच गायचा हा समयाचा नियम शास्त्रात का आला असावा, हे कुणी न समजावताही त्या श्रोत्याला जाणवायचं. माझ्या मते विदर्भाच्या खेड्यांना रेडिओनं दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच.

दुसरी देणगी नाट्यसंगीत. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं, तेव्हापासून मराठी माणूस राग ओळखायला शिकला तो बहुतांशी पदांमधून. बोलपट आल्यावर कंपन्या मोडल्या, पण पदं आकाशवाणीवर राहिली. विदर्भाचा यात स्वतःचा वाटा आहे. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, शकुंतला या नॅरोगेज रेल्वेच्या जंक्शनचे, आणि त्यांचं सुरुवातीचं शिक्षण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे झालं. १९६७ च्या डिसेंबरात रंगमंचावर आलेलं ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेबांची भूमिका वसंतरावांची. दोन घराण्यांच्या गायकीचा झगडा हाच ज्या नाटकाचा विषय, त्याची पदं रेडिओवरून गेली आणि खेड्यातल्या मुलांच्या तोंडी बसली.

पूर्वेकडे, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत तर रंगमंचावरचं गाणं कधी थांबलंच नाही. धानाची कापणी आटोपली, दिवाळी झाली की मंडई (गावजत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्याबरोबर नाटकांचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज म्हणजे वडसा हे त्याचं मुख्य ठाणं. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो, वादक समोर बसलेले असतात, नट स्वतः गातात आणि हजारोंचा जमाव दाद देतो. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीकडे बाहेरच्यांचं थोडंफार लक्ष गेलं. ऑपेराला आपल्याकडचा जवळचा नातेवाईक शोधायचा असेल तर मी मुंबईच्या नाट्यगृहात न जाता वडशाला जाईन.

१९८८ च्या मे महिन्यात रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी नागपूरहून सुरू झाली. १००० किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून ती निम्म्याहून अधिक देशात ऐकू जाई. २०१९ च्या सुरुवातीला ती बंद करण्याचा निर्णय झाला. दरम्यान अकोला, यवतमाळ, चंद्रपूर इथं एफएम केंद्रं आली. एफएमचा आवाज स्वच्छ, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकार, त्यातच खरी ऐकू येते. पण तिच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की संपलं. मेळघाटच्या दऱ्यांत किंवा भामरागडच्या जंगलात म्हणूनच मध्यम लहरींना पर्याय नाही. त्या जुन्या झाल्या, खर्चिक आहेत, असं म्हणून त्या मोडीत काढायला निघालेल्यांनी तिथं एक रात्र रेडिओ लावून बघावा.

आज ऐकण्यासारखं काय, तर शनिवार रात्रीचा अखिल भारतीय कार्यक्रम अजून आहे. संगीत संमेलनाच्या मैफली निमंत्रित श्रोत्यांपुढे होतात आणि ध्वनिमुद्रित होऊन पुढे रात्री ऐकवल्या जातात. विविध भारतीवर सकाळी ‘संगीत सरिता’ असते. एखादा राग सोप्या शब्दांत समजावून त्यातलंच सिनेमाचं गाणं ऐकवायची तिची रीत नवशिक्याला फार उपयोगी. २६ जानेवारी २०१६ पासून ‘रागम्’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी वाहिनी आहे. ती डीटीएचवर आणि आकाशवाणीच्या ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर मिळते. कर्नाटक संगीत ऐकायची सवय नसेल तर ती लावायलाही हीच वाहिनी बरी.

आणि ऑपेरा. मेट्रोपॉलिटनचं शनिवार दुपारचं प्रसारण साधारण डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत चालतं आणि इंटरनेटवरून ऐकता येतं. न्यूयॉर्कला दुपारचा एक वाजतो तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. म्हणजे शनिवारचा आपला कार्यक्रम संपला की तिकडचा सुरू, आणि हंगामही झाडीपट्टीच्याच थंडीच्या दिवसांतला. पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं व्हेर्दी किंवा पुच्चिनीचा ऑपेरा असेल ती रात्र निवडावी, वॅग्नर नंतर. अंक सुरू होण्याआधी निवेदक कथानक इंग्रजीत सांगतात, ते नीट ऐकलं की इटालियन येत नाही म्हणून अडत नाही. तिथला गायक लिहिलेला सूर सोडत नाही, आपल्या नाट्यपदासारखी जागेवर नवी तान घेत नाही. पण ध्वनिक्षेपकाशिवाय, ऐंशी-शंभर वादकांच्या वर आवाज काढून शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवतो. भोंगा यायच्या आधी आपले नटही असेच गात होते.