मोठ्या रॅडिएटरवरचे फॅन

कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगमधे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची उष्णता पाणी उचलतं आणि रॅडिएटरमधे आणून सोडतं, तिथून ती बाहेर काढायचं काम शेवटी हवाच करते, त्यामुळे रॅडिएटर कितीही भारी घेतला तरी त्यावर कुठले फॅन लावले आणि कसे बसवले यावर बरंच काही ठरतं. मोठा रॅडिएटर म्हणजे इथे कॅबिनेटच्या बाहेर उभा राहणारा. जर्मनीच्या वॉटरकूल कंपनीचा मोरा त्यात सगळ्यात ओळखीचा. मोरा ३ च्या ३६० मॉडेलवर १२० मिमीचे ९ फॅन बसतात, ४२० वर १४० मिमीचे ९, आणि नंतर आलेल्या मोरा ४ च्या ४०० वर २०० मिमीचे ४.

एवढे फॅन कशाला, तर शांततेसाठी. फॅनचा स्पीड निम्मा केला की हवा निम्मी होते पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि एकाच्या जागी तसेच ९ फॅन लावले तर आवाज वाढतो फक्त साडेनऊ डेसिबल. म्हणजे निम्म्या स्पीडचे ९ फॅन हे फुल स्पीडच्या एका फॅनपेक्षा शांत, आणि हवा साडेचार पट! ५०० वॅट उष्णता काढायला सेकंदाला ०.१ घनमीटर हवा दिली तर ती हवा जाता जाता ४ अंशांच्या आसपास तापते, ९ फॅनमधे वाटलं तर एकेकाला तासाला ४० घनमीटर येतं आणि चांगल्या फॅनला त्यासाठी पूर्ण जोर लावावा लागत नाही. मात्र पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४० अंशावर असेल तर पाणी त्याच्या वरच राहणार, म्हणून बघायचा तो पाणी आणि खोली यांच्या तापमानातला फरक.

फॅन निवडताना लोक स्टॅटिक प्रेशरचा (अडथळ्यातून हवा रेटायच्या जोराचा) आकडा बघतात, आर्क्टिक पी१२ चा २.२ मिमी, नॉक्टुआ एनएफ-ए१२एक्स२५ चा २.३४ मिमी (पाण्याच्या उंचीत मोजलेला). पण हे आकडे फुल स्पीडचे असतात, स्पीड निम्मा केला की प्रेशर पाव होतं, म्हणून आपण ज्या आरपीएमला (मिनिटाला फेऱ्यांना) फॅन चालवणार तिथे तो किती हवा देतो आणि घरघर करतो का हेच विचारायला हवं. मोराच्या फिन (हवा जिच्यामधून जाते त्या धातूच्या पातळ पट्ट्या) विरळ आहेत त्यामुळे फार प्रेशर लागत नाही, दाट फिनच्या रॅडिएटरला लागतं. २०० मिमीचे फॅन गुणगुणतात छान पण प्रेशरला कमी पडतात, माझ्या मते १२० किंवा १४० चेच घ्यावेत, एखादा गेला तर बदली कुठेही मिळतो.

हवा रॅडिएटरमधे ढकलायची की फॅन पलीकडे लावून त्यातून ओढायची यावर खूप वाद होतात, तापमानात फरक थोडासाच पडतो. खरा फरक धुळीचा. धूळ हवा शिरते त्या बाजूला साचते, फॅन ओढणारे असले तर ती बाजू उघडी राहते आणि ब्रश फिरवला की काम झालं, ढकलणारे असले तर सगळे फॅन खोलत बसा. आपल्याकडच्या धुळीत ओढणारेच बरे. दोन्ही बाजूंनी १८ फॅन लावून प्रेशर वाढतं पण हवा दुप्पट होत नाही, विरळ फिनवर तो खर्च वाया.

बसवताना दिशा बघा, हवा बाहेर पडते ती मोटर धरणाऱ्या दांड्यांची बाजू. फ्रेम आणि रॅडिएटरमधे फट राहिली तर हवा फिनमधून न जाता तिथूनच पळते, पातळ फोमची पट्टी लावली की थांबते. सगळ्यात जपायचं ते स्क्रूला. फॅन २५ मिमी जाड असतो, त्याला ३० मिमीचा स्क्रू ठीक, पण बऱ्याच रॅडिएटरमधे भोकाच्या अगदी खाली पाण्याची नळी असते आणि लांब स्क्रू आवळला की ती फुटते. म्हणून आधी स्क्रू फॅनच्या शेजारी धरून तो फ्रेमच्या पलीकडे किती उरतोय ते बघावं, मग चारही स्क्रू आलटून पालटून समोरासमोरचे, हाताने, बेताने आवळावेत.

करंटचा हिशोब पण करावा. मदरबोर्डचा फॅन हेडर (फॅनची वायर लागते ती जागा) साधारणपणे १ अँपिअरचा असतो, आणि ०.१४ अँपिअरचे ९ नॉक्टुआ एकत्र १.२६ मागतात, त्यामुळे साटा पॉवरवर (पॉवर सप्लायच्या वायरवर) चालणारा हब, म्हणजे सगळे फॅन एका जागी जोडायचा बोर्ड, लागतोच, हेडरवरून फक्त स्पीडचा सिग्नल घ्यायचा आणि एकाच फॅनचा आरपीएम परत जाऊ द्यायचा. स्पीड प्रोसेसरच्या तापमानावर बांधू नये, ते क्षणात उड्या मारतं आणि ९ फॅन उगाच वर खाली होत राहतात. पाण्यात सेन्सर टाकून त्यावर बांधावा, पाणी हळू तापतं आणि फॅनही त्याच गतीने चढतात.