बांध नंतर, सांडवा आधी
नागपूर जिल्ह्यातील शेतजमीनधारकांसाठी मृद व जलसंधारण कामांचे माहितीपत्रक

‘वावरात बांध घालून द्या, पाणी अडलं पाहिजे,’ ही मागणी आमच्याकडे सर्वांत जास्त येते. मागणी रास्त आहे, पण काळ्या जमिनीत नुसते अडवलेले पाणी बांध फोडून जाते आणि जाताना माती घेऊन जाते. म्हणून आमचा पहिला प्रश्न एकच असतो: जादा पाणी कुठून बाहेर काढायचे? ती वाट म्हणजे सांडवा. ती ठरेपर्यंत आम्ही मशीन शेतात उतरवत नाही. असे का, आणि पुढचे काम कसे होते, ते इथे सविस्तर देत आहोत.

आपल्या भागात पाणी असे वागते

नागपूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी १००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. १ मिमी पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी. दोन तासांत ६० मिमीची सर आली, तर एकरी जवळपास २ लाख ४० हजार लिटर पाणी होते. मृगाच्या सुरुवातीला भेगाळलेली काळी जमीन पहिले पाणी गटागटा पिते. एकदा माती फुगून भेगा मिटल्या, की तीच जमीन तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी मुरवते. उरलेले पाणी वाहणारच.

त्याच्या वाटेत अगदी समपातळीत बांध घातला, तर पाणी बांधाला तुंबते. तूर आणि कपाशी दोन-तीन दिवसांत पिवळी पडायला लागते. बांधाची माती भिजून पोटात सैल होते, आणि एका रात्री वरच्या सगळ्या क्षेत्राचे पाणी एकाच भगदाडातून सुटते. बांध नसता तर इतकी मोठी घळ पडली नसती.

समपातळी बांध ६०० मिमीपेक्षा कमी पावसाच्या, पाणी लवकर मुरणाऱ्या जमिनीसाठी आहेत. काटोल, नरखेड, कळमेश्वर, हिंगण्याच्या काळ्या वावरात आम्ही ढाळीचे बांध सुचवतो. यात बांधाच्या लांबीला १०० मीटरमागे २० ते ४० सेंमी ढाळ दिलेला असतो, त्यामुळे पाणी सावकाश सरकत ठरलेल्या सांडव्याकडे जाते. रामटेक-मौद्याकडच्या धानाच्या बांध्यांची गोष्ट वेगळी; तिथे पाणी उभे राहिलेलेच हवे असते. बरड माळावर आणि टेकडीच्या उतारावर बांधापेक्षा सलग समतल चर चांगले: रुंदी ६० सेंमी, खोली ३० ते ४५ सेंमी, माती खालच्या अंगाला. चराचा तळ मात्र खरोखर समपातळीत पाहिजे. एक जागा जरी १० सेंमीने खाली गेली, तरी सगळा चर तिथेच रिकामा होतो.

पहिली भेट आणि मोजणी

सातबाऱ्यावर क्षेत्र कळते, उतार कळत नाही. आम्ही वरच्या धुऱ्यापासून (हद्दीच्या बांधापासून) चालायला लागतो आणि बहुधा तुमच्या हद्दीच्याही वर जातो, कारण तुमच्या वावरातून जाणारे सगळे पाणी तुमच्याच वावरात पडलेले नसते. वरच्या शेजाऱ्याचे असते, पांदणीचे तर नक्कीच असते. पांदण खोल गेली असेल, तर पावसाळ्यात तोच नाला होतो. कुंपणाला अडकलेला काडीकचरा, धुऱ्यावरच्या झाडांची उघडी पडलेली मुळे, पीक विरळ राहिलेला मुरमाड पट्टा, खालच्या कोपऱ्यात साचलेली पोयटा माती या खुणांवरून पाण्याची जुनी वाट कळते. मागच्या पावसाळ्यात पाणी कुठे तुंबले, हे आम्हाला जरूर सांगा. ती माहिती कुठल्याही उपकरणातून मिळत नाही.

मोठ्या क्षेत्रावर ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावतो. दोन-चार एकरांसाठी गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप पुरतो: २० मीटर नळी आणि सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन पट्ट्या. हे तुम्हीही करू शकता. आधी दोन्ही पट्ट्या एकाच जागी शेजारी-शेजारी उभ्या करा. पाणी दोन्हीकडे एकाच खुणेवर यायला हवे. येत नसेल तर नळीत हवेचा बुडबुडा आहे. नळी झटकून तो काढा. वाचन घेताना नळीची दोन्ही तोंडे उघडी ठेवा, एक बंद राहिले तर मिळणारा आकडा खोटा असतो. २० मीटर अंतरावर ४० सेंमी फरक आला, की उतार २ टक्के.

दोन बांधांतले अंतर उतारावरून ठरते. १ टक्का उताराला साधारण ७० मीटर, २ टक्क्यांना ४० मीटर, ३ टक्क्यांना ३० मीटर. ‘दोनऐवजी एकच बांध घाला, थोडा उंच करा,’ असा आग्रह कृपया धरू नका. अंतर वाढले की पाण्याचा वेग वाढतो, आणि उंच बांधाने तो कमी होत नाही.

आखणी फक्कीने (चुन्याच्या पुडीने) करतो. रेघ थोडी वाकडी येते. डवरणी आणि वखरणी सोपी जावी म्हणून आम्ही तिची तीव्र वळणे सौम्य करतो, पण सरळ दोरीत आणत नाही.

बांध कसा भरायचा

काळ्या जमिनीत आमचा नेहमीचा बांध ६० सेंमी उंच, माथा ५० सेंमी, पाया २ मीटर ३० सेंमी असतो. १०० मीटर लांबीला सुमारे ८४ घनमीटर माती लागते. नवी माती दबते, म्हणून भरताना उंची २० ते २५ टक्के जास्त घेतो.

माती बांधाच्या वरच्या अंगाने, ३० सेंमीपेक्षा खोल न जाता घ्यायची. खोदलेला भाग आणि बांधाचा पाया यांत ३० सेंमी पट्टी न खोदता सोडायची. खोदलेला पट्टा सांडव्याकडे ढाळ देऊन सलग ठेवला, की तीच पाण्याची वाट होते.

बांध फुटण्याचे सर्वांत मोठे कारण ढेकळे. मे महिन्यात जेसीबीने डोक्याएवढी ढेकळे रचली, तर बाहेरून बांध भक्कम दिसतो आणि आत पोकळ्या राहतात. जुलैत पाणी पोकळीतून पोकळीत शिरते, पलीकडे बोटाएवढे छिद्र पडते आणि ते तासाभरात माणूस जाईल एवढे होते. म्हणून आधी पायावरचे गवत, धसकटे काढून नांगराचा एक तास (एक रेघ) मारायचा, म्हणजे नवी माती जुनीला धरते. मग २० सेंमीचा थर, ढेकळे फोडणे, पाणी शिंपडणे, दाबणे, आणि त्यावर पुढचा थर. हरभरा निघाल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये मातीत थोडी ओल असते. काम तेव्हा झाले तर उत्तम. मेअखेरपर्यंत थांबलात तर टँकरचा खर्च धरा.

सांडवा

खर्च वाचवायचा म्हणून इथेच हात आखडला जातो, आणि पुढचे नुकसानही इथूनच सुरू होते. एक हिशेब बघा. सांडव्याकडे ५ हेक्टरचे पाणी येते, तासाला १०० मिमी वेगाने जोराची सर पडते आणि त्यातले निम्मे पाणी वाहते, असे धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे ०.७ घनमीटर, ७०० लिटर पाणी. सांडव्यावरून ३० सेंमी जाडीचा प्रवाह जाऊ द्यायचा, तर सांडव्याची लांबी अडीच मीटर हवी. त्या जागी बरेच जण ३०० मिमीचा एक सिमेंट पाइप टाकतात. पाण्याच्या एवढ्या दाबाला तो सेकंदाला १०० लिटरच्या आसपास पाणी काढतो. असे सात पाइप लागतील, आणि त्यातल्या दोनांत पराट्या (कपाशीची वाळलेली झाडे) अडकणारच. दगडी सांडवा स्वस्तही पडतो आणि तुंबतही नाही.

सांडव्याच्या माथ्यापासून बांधाचा माथा निदान ५० सेंमी वर ठेवतो: ३० सेंमी प्रवाह, २० सेंमी मोकळी जागा. त्यासाठी सांडव्याजवळचा बांध बाकीच्यापेक्षा उंच करावा लागतो. दगड २५ ते ३० सेंमीचे, चपटे, जमिनीत रुतवलेले. खालच्या कडेला सर्वांत मोठे. त्यांच्याखाली गिट्टी आणि बारीक मुरमाचा थर हवाच. तो नसला तर सांध्यांतून काळी माती धुपून जाते, दगड खचतात, आणि लोक म्हणतात दगड हलके होते. पाणी जिथे पडते तिथे, पडण्याच्या उंचीच्या किमान दुप्पट लांब दगडी फरशी करतो.

सांडव्याचे पाणी नैसर्गिक नाल्यात किंवा गवताच्या पट्ट्यातच सोडायचे. शेजाऱ्याच्या वावरात नवे तोंड काढायचे नाही. पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहाला अडथळा केल्याची तक्रार मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत करता येते. सामाईक धुऱ्यावर काम असेल, तर शेजाऱ्याची लेखी संमती घेतल्यावरच आम्ही सुरुवात करतो.

संत्र्याच्या बागेत

संत्र्याच्या बुंध्याशी पाणी थांबले की फायटोफ्थोरा बुरशी बळावते आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येतो. बागेत आम्ही पाणी अडवणारे बांध घालत नाही. ओळींच्या मधून उताराच्या दिशेने चर काढतो आणि पाणी बागेच्या खाली शेततळ्यात किंवा विहीर पुनर्भरणाच्या खड्ड्यात नेतो. गढूळ पाणी गाळण न करता विहिरीत सोडू नये, झरे बुजतात. शेतातले वाहते पाणी बोअरमध्ये तर कधीच सोडू नये.

शेततळे

आधी ठरवा: पाणी साठवायचे की मुरवायचे? काळ्या मातीखाली हात-दोन हातांवर चुनखडी किंवा मुरूम लागला, तर प्लॅस्टिकच्या अस्तराशिवाय पाणी टिकणार नाही. विहिरीला मात्र फायदा होईल. अमरावती रोडवरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे नकाशे भागाचा अंदाज देतात, पण तुमच्या वावरात घेतलेला एक चाचणी खड्डा त्याहून जास्त सांगतो. खड्डा ३ मीटर खोल घ्या, पाण्याने भरा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि पातळी रात्रभरात किती उतरते ते मोजा. पहिल्या दिवसाचा आकडा धरू नका, तेव्हा कोरडी माती पाणी पीत असते.

३० × ३० × ३ मीटरच्या तळ्याला एकास एक बाजूउतार (मीटरभर खोलीला बाजू मीटरभर आत) दिला तर सुमारे २,१९६ घनमीटर पाणी मावते. दीडास एक दिला तर १,९७१. शेतकऱ्यांना पहिला आकडा आवडतो. काळ्या मातीत एकास एकच्या बाजू भिजल्यावर ढासळतात आणि तीच माती तळाला बसते, म्हणून आम्ही दुसराच उतार देतो. एका एकराला ५ सेंमीचे एक संरक्षित पाणी (पावसाने ताण दिल्यावर पीक वाचवायला द्यायचे) म्हणजे सुमारे २०० घनमीटर. गळती आणि बाष्पीभवन वजा करून गरजेचा हिशेब त्यावरून करा. मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटिमीटरभर तरी उतरते, म्हणजे भरलेल्या तळ्यातून रोज ९,००० लिटर. तळे उन्हाळ्यापर्यंत राखण्यापेक्षा ऑगस्टच्या उघडिपीत आणि हरभऱ्याच्या पेरणीला वापरावे, असा आमचा सल्ला आहे.

पाणी आत येते तिथे २ × १ × १ मीटरचा गाळखड्डा हवा. अस्तर ५०० मायक्रॉनचे. अस्तर असलेल्या तळ्यात पडलेले मूल किंवा वासरू घसरड्या बाजूवरून वर येऊ शकत नाही. कुंपण आणि चारही बाजूंना गाठी मारलेला दोर लावल्याशिवाय आम्ही तळे भरू देत नाही, आणि यात सवलत नाही.

पैसे आणि अनुदान

मोजमाप घनमीटरवर, आणि माप खड्ड्याचे. खोदलेली माती फुगते, त्यामुळे ढिगावरून किंवा ट्रॉल्यांवरून हिशेब लावला तर तुम्ही जास्त पैसे भराल. खोदताना मध्ये मातीचे दोन-तीन खांब न तोडता ठेवतो. त्यांची उंची तुमच्यासमोर मोजून मगच ते काढतो. अनुदान हवे असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच काम सुरू करू द्या. आधी खोदलेल्या तळ्याला अनुदान मिळत नाही. सध्या कोणती योजना चालू आहे, ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा.

काम झाल्यानंतर

पहिल्या पावसानंतर बांधाच्या दोन्ही बाजूंना मारवेल किंवा खस गवत लावा. खसाचे ठोंब १० ते १५ सेंमीवर. वखर धुऱ्याला घासू नका. दरवर्षी एक-एक तास आत घेतला, की तीन-चार वर्षांत बांधाचा पाया निम्मा होतो. पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर पाणी ओसरायच्या आत बांधावरून फिरा: खालच्या अंगाला ओलसर डाग, उंदरांची बिळे, सांडव्याचे हललेले दगड आणि त्यात अडकलेला कचरा बघा. छिद्र दिसले तर वरून माती टाकून बुजवू नका. तेवढा भाग पायापर्यंत उकरून थर-थर पुन्हा भरावा लागतो. बांध आणि सांडवा दोन्ही दिसतील असा फोटो आम्हाला पाठवा. पहिल्या पावसाळ्यातली ही दुरुस्ती ठरलेल्या रकमेतच येते.