जाळी बारीक केली की फट बुजत नाही
गाडीभोवतीच्या हवेच्या प्रवाहाचे सिम्युलेशन करताना मेश (हवेची जागा छोट्या तुकड्यांत विभागणारी जाळी) बिघडली की तिचे सेल, म्हणजे हे तुकडे, आणखी लहान करावेत, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण दोष गाडीच्या मूळ भूमितीत असेल तर हा सल्ला उलटाच पडतो. ओपनफोम या प्रवाह-सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमधील स्नॅपीहेक्समेश या जाळी बनवणाऱ्या साधनात बॉनेट आणि फेंडर यांच्यात ३ मिलिमीटरची फट राहिली असेल, तर ८ मिलिमीटरचे सेल ती बहुधा झाकून टाकतात, १ मिलिमीटरचे सेल मात्र तिच्यातून थेट इंजिनकक्षात शिरतात. म्हणून आधी सरफेसचेक हे ओपनफोमचे पृष्ठभाग तपासणारे साधन चालवून उघड्या (न जुळलेल्या) कडा शोधाव्यात आणि कॅडमध्येच, म्हणजे गाडीच्या संगणकीय आराखड्यातच, जोडाव्यात. टायर जमिनीला टेकतो तिथली पाचरीसारखी निमुळती जागा तर (हा त्रास कुणालाच चुकत नाही) सेल लहान करून सुटत नाही. तिथे टायरखाली छोटा उंचवटा देऊन तो निमुळता कोनच काढून टाकावा लागतो.