अविश्वास ठराव: नेमका कोणाचा अविश्वास?

सरपंचाविरुद्ध तहसील कार्यालयात दाखल होणाऱ्या अविश्वासाच्या नोटिसा वाचल्या तर कारणे बहुतेक ठरलेली दिसतात. ‘सदस्यांना विश्वासात न घेता मनमानी कारभार करणे’, ‘विकासकामांत अडथळे आणणे’, ‘मासिक सभा वेळेवर न घेणे’, आणि सरपंच महिला असेल तर ‘कारभारात पतीचा हस्तक्षेप’. यातले पहिले कारण जरा थांबून वाचावे. विश्वासात घेतले नाही, ही तक्रार सदस्यांची आहे. नळाला पाणी आले का, गटाराचे काम कागदावरच संपले का, निधी कुठे खर्ची पडला, याचा त्यात पत्ता नसतो. तरीही ठराव मंजूर झाला की दुसऱ्या दिवशी ‘सरपंचावर गावाचा अविश्वास’ असेच म्हटले जाते. गावाला मात्र कोणी विचारलेलेच नसते. निदान २०१७ पर्यंत तरी नव्हते.

निवडून आलेल्याकडून हिशेब मागण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. तमिळनाडूतील उत्तिरमेरूर येथील दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील चोळकालीन शिलालेखात ग्रामसमितीवर कोणाला घ्यायचे, याचे नियम कोरलेले आहेत. आधी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही, तो पुन्हा निवडीला अपात्र, आणि त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र. आजच्या कोणत्याही पंचायत कायद्यापेक्षा हा नियम कडक होता. पण तिथून आजच्या अविश्वास ठरावापर्यंत सरळ रेषा ओढता येत नाही. मधली परंपरा तुटलेली आहे, आणि आपला आजचा कायदा इंग्रजी अमदानीतून आला आहे.

त्या अमदानीतला महत्त्वाचा टप्पा म्हणजे १८ मे १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव आणि त्यामागून मुंबई इलाख्यात १८८४ मध्ये आलेला जिल्हा-तालुक्याच्या लोकल बोर्डांचा कायदा. लोकांनी निवडलेले सभासद त्यामुळे आले, पण त्यांच्यावरची देखरेख कलेक्टरकडेच राहिली. सभासद चुकला तर त्याला जाब विचारायचा तो वरच्याने, ही सवय तेव्हा जी रुजली ती स्वातंत्र्यानंतरही गेली नाही. १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात ती कलम ३९ मध्ये दिसते. गैरवर्तन किंवा कर्तव्यात कसूर केली म्हणून सरपंचाला किंवा सदस्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांना, चौकशी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडून, आणि अपील राज्य शासनाकडे. या साखळीत गावकरी फार तर तक्रारदार असतो. निर्णयात त्याचा वाटा नसतो.

त्याच अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये अविश्वास ठराव आहे. कलम ३९ मध्ये दोष सिद्ध व्हावा लागतो. कलम ३५ मध्ये काहीच सिद्ध करावे लागत नाही, फक्त हात मोजायचे असतात. २०१७ पर्यंत पद्धत अशी: एक तृतीयांश सदस्यांनी तहसीलदारांकडे नोटीस द्यायची, तहसीलदारांनी सात दिवसांत विशेष सभा घ्यायची आणि दोन तृतीयांश बहुमत झाले की सरपंच पायउतार. सरपंच सदस्यांमधूनच आणि सदस्यांच्याच मतांनी निवडला जात असे, त्यामुळे ज्यांनी बसवले त्यांनीच उठवायचे, हे तर्काला धरून होते. ‘अविश्वास’ हा शब्द तेव्हा प्रामाणिकही होता: सदस्यांनी विश्वास टाकला होता, तो त्यांनी काढून घेतला.

गोंधळ इथूनच सुरू होतो. गावाच्या बोलण्यात चार वेगवेगळ्या गोष्टींना एकच शब्द चिकटला. अतिक्रमण किंवा तिसरे अपत्य यांसारख्या कारणाने पद गेले तर ती कायद्यातली अपात्रता, आणि तिचा कामाशी संबंध नाही. कलम ३९ खाली पद गेले तर ती दोषाबद्दलची कारवाई. सदस्यांनी ठराव केला तर तो अविश्वास. आणि मतदारांनी स्वतः मत देऊन घरी पाठवले तर ते परत बोलावणे. या चौथ्याला मराठीत रुळलेला शब्दच नाही, कारण तशी तरतूदच आपल्याकडे नव्हती. पारावर मात्र चारही प्रसंगी ‘सरपंचाला पाडला’ एवढेच म्हणतात. जबाबदारी नेमकी कोणाला द्यायची होती आणि ती कोणी वसूल केली, हा फरक या एका शब्दाखाली झाकला जातो.

सदस्यांच्या हातातल्या अविश्वासाचे व्यवहारात काय झाले, ते सगळ्यांनी पाहिले आहे. ग्रामपंचायतीत सदस्य सात ते सतरा. सात जणांच्या पंचायतीत दोन तृतीयांश म्हणजे पाच मते. सरपंच धरून तिघे एकत्र राहिले की ठराव पडतो आणि त्यातला एक फुटला की मंजूर होतो. म्हणून नोटीस पडली की सदस्य ‘सहलीला’ जातात आणि थेट सभेच्या दिवशी गाडीतून उतरतात. अडीच-अडीच वर्षे सरपंचपद वाटून घेण्याचे तोंडी करार, आणि तो पाळला नाही म्हणून आणलेले ठराव, हा यातलाच प्रकार. १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान दिले, ग्रामसभेला ओळख दिली, आरक्षण आणले. पण सरपंच कसा निवडायचा आणि कसा काढायचा, हे राज्यांवर सोडले. राखीव जागांवर आलेल्या महिला सरपंचांवर ठरावांचा मारा होऊ लागला, तेव्हा त्यांच्यासाठी बहुमताची अट तीन चतुर्थांश करावी लागली. ठरावांमागे कारभार कमी आणि खुर्ची जास्त होती, याची ही कायद्यानेच दिलेली कबुली म्हणायला हवी.

२०१७ मध्ये सरपंचाची थेट जनतेतून निवड सुरू झाली आणि कलम ३५ चा पायाच हलला. ज्याला सगळ्या गावाने निवडले, त्याला सात-नऊ सदस्यांनी कसे काढायचे? हा प्रश्न देशात आधीही आला होता. उत्तर प्रदेशात थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाला नगरपालिकेच्या सभासदांनी काढणे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये वैध ठरवले. त्याच राज्याने प्रधानाला, म्हणजे तिथल्या सरपंचाला, काढण्याचा अधिकार गावसभेकडून काढून पंचायत सदस्यांना दिला, तोही १९९८ मध्ये न्यायालयात टिकला. सदस्यही त्याच मतदारांनी निवडलेले असतात, या युक्तिवादाला तिथे वजन मिळाले. कायदा म्हणून हे बरोबर असेल. पण सदस्य आपल्या प्रभागाचा असतो आणि सरपंच अख्ख्या गावाचा, हा फरक त्यातून पुसला जात नाही.

महाराष्ट्राने २०१७ च्या दुरुस्तीत मधला मार्ग काढला, आणि माझ्या मते गेल्या साठ वर्षांत या विषयावर झालेले हे सर्वांत मोलाचे काम आहे. ठराव आधी सदस्यांच्या तीन चतुर्थांश बहुमताने मंजूर व्हायचा, आणि मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब व्हायचे. त्यानंतरच सरपंचाचे अधिकार जातात. कायद्याने याला परत बोलावणे म्हटले नाही, शब्द ‘अविश्वास’च ठेवला. पण हे परत बोलावण्याच्या अगदी जवळचे आहे.

अशी विशेष ग्रामसभा एकदा पाहण्यासारखी असते. एरवीच्या ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार जमवताना ग्रामसेवकाची दमछाक होते, आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुढे मोजक्या सह्यांवर उरकते. इथे शाळेच्या पटांगणात सकाळपासून रांग असते. म्हाताऱ्या बायकांना हाताला धरून आणलेले असते. मुंबई-पुण्याला कामाला गेलेली पोरे रात्रीच्या एसटीने आलेली असतात. मतदार यादीवर खूण होते, आडोशाला शिक्का मारला जातो, पेटीत चिठ्ठी पडते. बाहेर कोणी रस्त्याबद्दल बोलतो, कोणी घरकुलाच्या यादीबद्दल. सदस्यांच्या नोटिशीत नसलेली कारणे तिथे रांगेत उभी असतात.

हे स्थिरावायला मात्र वेळच मिळाला नाही. सरकार बदलल्यावर २०२० मध्ये थेट निवड रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदलल्यावर ती परत आली. नगराध्यक्षपदाची गतही तीच: २००१ मध्ये थेट, पुढे रद्द, २०१६ मध्ये थेट, २०२० मध्ये रद्द, २०२२ मध्ये पुन्हा थेट. प्रत्येक वेळी चर्चा झाली ती कोणत्या पद्धतीत कोणत्या पक्षाचा फायदा, याची. काढायचे कसे, हा प्रश्न निवडायच्या पद्धतीमागून फरफटत गेला. दरम्यान २०१२ मध्ये उरणच्या नगराध्यक्षांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला बजावले होते की निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याला दूर करणे ही गंभीर बाब आहे, किरकोळ कारणाने ती करता येणार नाही. वरून खाली येणाऱ्या कारवाईला त्यामुळे थोडा लगाम बसला.

शेजारी मध्य प्रदेशाने नगराध्यक्षांसाठी परत बोलावण्याची स्पष्ट तरतूद केली होती. तीन चतुर्थांश नगरसेवकांनी मागणी केली की शहरभर मतदान व्हायचे. मतपत्रिकेवर नावांऐवजी दोन चिन्हे असत, भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. २००१ मध्ये अनूपपूरच्या मतदारांनी रिकाम्या खुर्चीला मत देऊन अध्यक्षांना घरी पाठवले. हरियाणाने २०२० मध्ये सरपंचांसाठी त्याहून पुढचे पाऊल टाकले: मागणीच मतदारांनी करायची.

महाराष्ट्रात सुरुवात अजून सदस्यांच्याच हाती आहे. सात मते धरली तर तीन चतुर्थांशासाठी सहा लागतात. म्हणजे दोघांना बांधून ठेवले की विषय ग्रामसभेपर्यंत पोचतच नाही, मग गाव कितीही नाराज असो. मुदतींचेही तसेच. निवडीनंतर पहिली दोन वर्षे ठराव आणता येत नाही, शेवटच्या सहा महिन्यांतही नाही. पाच वर्षांतून उरतात अडीच. त्यात एकदा ठराव फेटाळला गेला की पुढची दोन वर्षे पुन्हा बंदी. म्हणजे प्रत्यक्षात गावाला बहुधा एकच संधी, तीही सदस्यांनी दार उघडले तर. तोवर पाणीपट्टीचे पैसे कुठे गेले, असे विचारणाऱ्या गावकऱ्याच्या हाती माहिती अधिकाराचा अर्ज आणि कलम ३९ ची तक्रार एवढेच उरते, आणि ती तक्रार आजही वरच जाते.